मोजलेले आरसे आणि एक न पाहिलेला

"आरसे मोजता म्हंजे काय करता? लांबी का रुंदी?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला माझ्या सासऱ्यांनी, लग्न ठरवायच्या बैठकीत. सासरे फैजपूरचे, केळीचे बागायतदार. जावई जळगावात नोकरीला आहे एवढं त्यांना पटलं होतं, पण नोकरी कसली ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, "आरशावर जेवढा उजेड पडतो, त्यातला तो किती परत देतो, ते मोजतो." यावर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे थोडा ठेवून घेतो का काय तो?"

अगदी बरोबर! ठेवून घेतो. चांगला आरसासुद्धा शंभरातला दहा-बारा भाग ठेवून घेतो आणि पारा उडालेला आरसा चाळीस भागही गिळून बसतो. गंमत म्हणजे तो वरून तसाच लखलखत असतो. चमकणं वेगळं आणि उजेड परत देणं वेगळं, हे लोकांना पटवता पटवता माझी जीभ झिजली.

मी जळगावातल्या एका पेढीत होतो. पेढी सिनेमाची यंत्रं आणि त्यांचं सामान विकायची. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, खानदेशात गावोगाव थिएटरं आणि तंबू निघत होते. त्या वेळी यंत्रात दिवा नसे. दोन कार्बनच्या काड्या समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये ठिणगीचा जाळ पेटवत, त्याला आर्क म्हणत. त्या जाळामागे परातीएवढा खोलगट आरसा असे. तो सगळा उजेड गोळा करून पुढे फिल्मवर फेकायचा. आरसा मंदावला की पडदा मंदावला. मग पब्लिक "लाईट! लाईट!" म्हणून खुर्च्या बडवायचं आणि मालक आम्हाला तार करायचा.

तार आली की मी पेटी घेऊन निघायचो. सागवानी पेटी, साधारण हार्मोनियमच्या निम्मी. आत एक छोटा बल्ब, बल्बला सेल, आणि परत आलेला उजेड पकडणारी एक काळसर चकती. चकतीवर जितका उजेड पडे तितका वरचा काटा सरके, शून्य ते शंभर. आरशावर पाच ठिकाणी पेटी टेकवायची, पाच आकडे लिहायचे. पंचाहत्तरच्या वर असेल तर आरसा ठीक. खाली आला तर काढून मुंबईला पाठवायचा, नवा पारा चढवायला.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटीला स्वतःचं काही कळत नसतं. सेल उतरतात, बल्ब जुना होतो, काटा कुठेही जातो. म्हणून दर वेळी आधी पेटीला एक खात्रीचा आरसा दाखवायचा. आम्ही त्याला नमुना म्हणत असू. रुपयापेक्षा थोडा मोठा, गोल काचेचा तुकडा, परदेशातून आलेला. घरच्या आरशाचा पारा काचेमागे असतो. याचा ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्याच अंगाला होता, उघडा. नमुना अठ्ठ्याऐंशी भाग उजेड परत देतो, असं त्याच्या डबीवर कोरलेलं होतं. पेटी नमुन्यावर ठेवायची, बटन फिरवून काटा अठ्ठ्याऐंशीवर आणायचा, आणि मग गिऱ्हाइकाच्या आरशाकडे वळायचं. थोडक्यात, मी सगळ्या आरशांची तुलना त्या एका तुकड्याशी करत होतो.

मी पेटीबद्दल फार गर्विष्ठ होतो, कबूल करतो. लोक डोळ्यांनी पाहून काहीतरी ठोकून द्यायचे आणि मी काटा दाखवून त्यांना गप्प करायचो. याचा मला नाद लागला होता. फैजपुरात एकदा पावसाळ्यात सासरी गेलो, तर तिथला सलूनवाला भिका थेट माझ्याकडे आला.

"जावई, माह्या आरशात काही तरी झालं. गिऱ्हाइकं म्हन्तात, भिका, तुह्या दुकानात तोंड काळं दिसतं."

चार माणसं जमली. मी पेटी लावली. काटा एकोणऐंशीवर. मी म्हटलं, "भिकाभाऊ, आरसा ठणठणीत आहे. आता गिऱ्हाइकांच्या तोंडाचं काय करायचं ते तुम्ही बघा." असा हशा पिकला म्हणता! भिका बिचारा ओशाळला. हा किस्सा मी पुढे दोन वर्षं जिथे-तिथे सांगत फिरलो. धुळ्यालाही सांगितला, सुकलालसमोर.

सुकलाल धुळ्याच्या एका थिएटरात ऑपरेटर होता. थिएटरचं नाव सांगत नाही. पन्नाशीचा, बुटका, आवाज चढा. मुके सिनेमे हाताने फिरवायच्या काळापासून केबिनमध्ये. आर्कच्या दोन काड्यांमधलं अंतर सारखं राखायचं असतं, त्या जळून लहान होत जातात. काळ्या काचेतून बघत बघत त्या हाताने पुढे सारायच्या. सुकलाल ते गप्पा मारता मारता करायचा आणि पडद्यावर एवढीसुद्धा सावली यायची नाही. यंत्राला तो "म्हातारी" म्हणायचा. आरशाला हात लावायला कुणाला परवानगी नव्हती, मालकालासुद्धा.

त्याच पावसाळ्यात त्या थिएटरची तार आली. पडदा मंद झाला होता. मी गेलो तेव्हा केबिनमध्ये मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि सुकलाल, दोघे हमरीतुमरीवर आले होते. आबांचं म्हणणं, यंत्र तेच, काड्या त्याच, मग दोष माणसात आहे. सुकलालचे डोळे गेले, त्याला आर्कचं अंतर दिसत नाही. आयुष्यभर त्या जाळाकडे बघून डोळे जाणारच.

सुकलाल माझ्याकडे वळला. "नाना, तुम्हीच देखा. ऐना मरी जायेल शे. मना डोयाले दिखस."

आरसा मेला आहे, माझ्या डोळ्यांना दिसतंय, असं तो म्हणत होता. मी आरसा काढायला लावला. नमुना काढला, पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून अलगद सोडवला, काटा अठ्ठ्याऐंशीवर आणला. बटन बरंच फिरवावं लागलं. सेल उतरलेत, मी मनात म्हटलं. मग आरशावर पाच जागी पेटी टेकवली. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी, त्र्याऐंशी.

"आरसा उत्तम आहे," मी म्हटलं.

सुकलाल काट्याकडे बघत राहिला. मग त्याने आरसा उचलून उजेडात धरला, तिरका केला, परत बघितला. "नही नाना. हाऊ मरेल शे."

आणि मी काय केलं? भिकाचा किस्सा सांगितला. आबा खो खो हसले. मी वर आणखी म्हटलं, "सुकलालभाऊ, डोळा माणसाला फसवतो. पेटी कशाला फसवेल?"

सुकलाल हसला नाही, भांडलाही नाही. खाली स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "खरं शे. पेटी काबर खोटं बोली? मनाच डोया गयात."

पेटी कशाला खोटं बोलेल, माझेच डोळे गेले, असं त्याने स्वतःच मान्य केलं, आणि मी कागदावर आकडे लिहून सही करून दिली. महिन्याभरात कळलं की सुकलालने काम सोडलं. आबांनी काढलं नव्हतं, त्यानेच किल्ली आणून टेबलावर ठेवली. नव्या ऑपरेटरने करंट वाढवून यंत्र रेटलं, पडदा थोडा उजळला, आणि सगळ्यांची खात्री पटली की डोळेच गेले होते. माझीही पटली.

दोन वर्षांनी पेढीकडे मुंबईहून पार्सल आलं. त्यात एक नवा नमुना होता, डबीवर तोच अठ्ठ्याऐंशीचा आकडा. खरं तर माझा नमुना दर वर्षी मुंबईला पाठवून तपासून घ्यायचा, असं पेटीबरोबरच्या इंग्रजी कागदावर स्पष्ट छापलं होतं. मी तो कधीच पाठवला नव्हता. पाठवला की तीन आठवडे हात चोळत बसायचं, आणि चालती पेटी हातात नसली की मला कोण विचारणार? म्हणून टाळलं. शेवटी पेढीच्या शेठनी कंटाळून परस्पर नवाच मागवला.

सहज म्हणून मी नव्या नमुन्यावर काटा लावला आणि मग जुन्यावर पेटी ठेवली. म्हटलं, बघू जुनं हाड कसं आहे. काटा सहासष्टवर थांबला.

मी सेल बदलले. बल्ब बदलला. पुन्हा सहासष्ट. मग दोन्ही तुकडे हातात घेऊन दारात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जुन्या नमुन्याकडे नीट पाहिलं. त्याच्यावर दुधाळ झाक होती. बारीक, पण कुणालाही दिसेल अशी. रोज हातात घेत होतो मी तो तुकडा, दिवसातून दहादा. पण माझं लक्ष काट्यावर असायचं, तुकड्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

हिशेब करायला फार डोकं लागत नाही. सहासष्टला मी अठ्ठ्याऐंशी म्हणत होतो. म्हणजे साठ असलेला आरसा मला ऐंशीचा दिसत होता. नमुना जितका आंधळा होत गेला, तितके जगातले सगळे आरसे मला चांगले दिसायला लागले. बटन दर महिन्याला थोडं जास्त फिरवावं लागत होतं, आणि मी सेलला शिव्या घालत होतो. डोळ्यांसमोर आला तो सुकलाल, स्टुलावर बसलेला.

पण झालं कशाने? डबी घट्ट, ओरखडा कुठे नाही. संध्याकाळी घरी जाऊन फडकं बायकोपुढे टाकलं. मूळचं चामड्याचं फडकं लग्नाच्या वर्षीच उंदरांनी खाल्लं होतं, तेव्हा हिने माझ्या जुन्या धोतराचं मऊ मलमल काढून दिलं होतं. दर आठवड्याला ती ते धुऊन द्यायची. माझ्या कामाच्या वस्तूची ती देवाच्या वस्त्रासारखी काळजी घ्यायची.

"हे कशाने धुतेस?"

"खारात," ती म्हणाली. "साबन कशाले? पाहा ना कसं बगळ्यावानी निंघतं."

खार म्हणजे केळीच्या खांबांची राख पाण्यात भिजवून, वरचं निवळलेलं पाणी. तिच्या माहेरी केळीचे खांब वाळवून जाळायचे आणि त्या राखेत घरचे कपडे धुवायचे, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. माहेराहून ती राखेचं गाठोडंच आणायची. काचेला खार काही करत नाही, घरच्या आरशालाही नाही, कारण पारा मागे असतो. पण माझ्या नमुन्याचा मुलामा उघडा होता, आणि ॲल्युमिनियमला खारासारखा दुसरा वैरी नाही. कुणाही बाईने तिची पातेली पाहून मला हे सांगितलं असतं. पावसाळ्याची दमट हवा, फडक्यात राहिलेला खार, आणि आत गुंडाळलेला माझा नमुना, रोज, वर्षानुवर्षं. जेवढं फडकं पांढरं निघत होतं, तेवढा नमुना मरत होता.

मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने ते फडकं उचलून हातात धरलं. "म्हंजे माह्या हातानं त्या मानसाचं..." मी म्हटलं, छे, तुझा काय संबंध? कागद माझ्याकडे होता, सही माझी होती, आणि हसलोही मीच होतो. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

शेठ म्हणाले, "झालं ते झालं. नवा नमुना आलाय, पुढे नीट मापा. गावभर सांगून पेढीचं नाव घालवू नका." माणूस वाईट नव्हता, धंद्याची काळजी होती. पण मी त्यांना म्हटलं, "एका माणसाचे डोळे मी खोटे ठरवलेत, शेठ. ते मला परत करावे लागतील." माझ्या तोंडून इतकं धीट वाक्य त्याआधी कधी निघालं नव्हतं, त्यानंतरही नाही.

आधी धुळ्याला गेलो. आबांपुढे त्याच आरशावर पेटी लावली. एकसष्ट. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असं होय? मग आरसा पाठवून द्या पारा चढवायला." मी विचारलं, "आणि सुकलाल?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता दुसरा माणूस लागलाय, नाना. त्याला काय सांगू?" सुकलाल भडगावला भावाकडे असतो, एवढं तिथे कळलं.

भडगावात गिरणेच्या अंगाला त्याच्या भावाचं घर होतं. सुकलाल ओट्यावर बसून सुतळी वळत होता. त्याच्या नाकावर हा एवढा जाड काचांचा चष्मा! मी हाक मारली, तर तो आवाजाच्या रोखाने मान वळवून म्हणाला, "कोन शे?" मी चार हातांवर उभा होतो.

नाव सांगितल्यावर त्याने उठून आदराने बसायला घोंगडी टाकली. भिंतीला हात लावत, चाचपडत आत गेला आणि पाणी घेऊन आला. मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर कशाले? पेटीनी सांगं व्हतं ना." चष्मा त्याने बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतला होता. सगळ्यात जाड काचेचा मागून घेतला होता, कारण डोळे सगळ्यात जास्त गेलेत अशी त्याची समजूत. मी तो लावून पाहिला. देवाशपथ सांगतो, मला समोरचा लिंब दिसेना. तो चष्मा लावला तर कुणीही भिंत धरूनच चालेल.

मी दोन्ही नमुने काढून त्याच्या हातात ठेवले, कुठला कोणता ते न सांगता. म्हटलं, "चष्मा काढून बघा."

त्याने चष्मा कपाळावर सारला. दोन्ही तुकडे उन्हात धरले, तिरके केले, अगदी तसेच जसा त्या दिवशी केबिनमध्ये आरसा धरला होता. क्षणही लागला नाही. "हाऊ जित्ता शे. आनि हाऊ मरेल."

"तो मेलेला माझा आहे, सुकलालभाऊ," मी म्हटलं. "त्या दिवशी मी तुमचा आरसा याच्याशी ताडून पाहिला. तुमचे डोळे चांगले होते. आजही आहेत. आंधळी माझी पेटी होती."

मला वाटलं होतं तो रागावेल. खरं तर तो रागावावा अशी माझी फार इच्छा होती. त्याने तुकडे माझ्या हातात परत दिले, समोरच्या लिंबाकडे पाहिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या बैलाकडे पाहिलं, स्वतःच्या हाताच्या रेषांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"दोन वरीस, नाना. दोन वरीस मी भितले हात लाईसन चालनू."

भिंतीला हात लावून चाललो, दोन वर्षं. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने मला उठवलं आणि भावाला ओरडून चहा ठेवायला सांगितलं. आम्ही दोघंही रडलो, आता लपवण्यात काय अर्थ आहे? चष्मा ओट्यावरच पडला होता. नंतर त्याच्या भावजयीने तो पोराबाळांच्या पायात येईल म्हणून उचलून कोनाड्यात टाकला.

धुळ्याची केबिन त्याला परत मिळाली नाही. ती सल मला आजही आहे. मी एक केलं, भडगावच्या बाजारात तंबू लावणाऱ्या एका सिनेमावाल्याला गाठलं आणि सुकलालसाठी शब्द टाकला. तो म्हणाला, "ऐकलंय, डोळे गेलेत ना त्याचे?" म्हणजे माझ्या पेटीचा निकाल माझ्या आधीच तिथे पोचला होता. त्याला मी सगळी हकिगत सांगितली, माझ्या नामुष्कीसकट, तेव्हा त्याने सुकलालला यंत्रावर घेतलं. आणि त्यानंतर भिकाच्या किश्शाच्या जागी मी हाच किस्सा सगळीकडे सांगत गेलो. फैजपूरला जाऊन भिकाच्या आरशावर पुन्हा पेटी लावली, एकोणसाठ. त्याच चार माणसांना बोलावून कबुली दिली. भिकाने माझी दाढी फुकट केली आणि ती करताना सगळा वेळ हसत होता. गळ्यावर वस्तरा, मी काय बोलणार?

पुढच्या उन्हाळ्यात सुकलालच्या तंबूतून बोलावणं आलं, आरसा मोजायला. दुपारची वेळ, तंबू रिकामा, सुकलाल बनियनवर, पूर्वीसारखाच चढ्या आवाजात कुणाला तरी झापत होता. मी पेटी उघडली, नमुना काढला. आता तो कोऱ्या कापसात ठेवत होतो, आणि काढला की आधी त्याच्याकडे पाहत होतो. काटा लावून मी पेटी आरशाकडे नेणार, तेवढ्यात सुकलालने हात आडवा घातला.

"थांबा नाना. पहिले मी सांगस." त्याने आरसा उचलला, उजेडाकडे तिरका केला, एक डोळा मिटला. "बाहत्तर."

मी पेटी टेकवली. काटा थोडा थरथरला आणि एकाहत्तर आणि बाहत्तरच्या मध्ये थांबला.

सुकलालने वाकून काट्याकडे पाहिलं. मग माझ्या पेटीवर थोपटून म्हणाला, "तुमनी पेटीना डोया आते बरा शेतस."